आधी लग्नाचा दाखला मागवा

इंग्लंडातले पूर्वज शोधताना तुम्ही थेट तिथल्या 1841च्या जनगणनेत शिरलात, तिथेच घोळ झाला. त्या वर्षी पंधराच्या पुढची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिली. 39ची बाई 35ची दिसते. नातंही लिहिलेलं नाही, त्यामुळे नवरा-बायको की भाऊ-बहीण, कळायला मार्ग नाही. (आणि धंद्यापुढे लिहिलेलं ‘ॲग लॅब’ म्हणजे प्रयोगशाळा नव्हे हो, ‘ॲग्रिकल्चरल लेबरर’, शेतमजूर!) 1851 उघडा. कुटुंबप्रमुखाशी नातं, जन्मगाव, दोन्ही मिळतं.

पण त्याआधी लग्नाचा दाखला. इंग्लंडातली सरकारी नोंदणी 1 जुलै 1837पासूनची. दाखल्यावर दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात. वयाच्या जागी ‘फुल एज’ असेल तर 21 पूर्ण एवढंच समजायचं, तेही त्यांनीच सांगितलेलं, खरं असेलच असं नाही. घरच्यांना चुकवून लग्न करणारे तेव्हाही होतेच. साक्षीदारांच्या सह्या मात्र सोडू नका. मला एका पणजीचं माहेर तिथूनच सापडलं.

दाखला शोधायला लग्न-नोंदणीची सूची लागते, पण 1912पूर्वीच्या सूचीत जोडीदाराचं आडनाव नसतं. म्हणून नवरा आणि बायको दोघांच्या नोंदींतले तिमाही, जिल्हा, खंड, पान जुळवा. त्याच पानावर दुसरं जोडपंही असतं, म्हणून घाईने जोड्या लावू नका. 1931ची जनगणना शोधत बसू नका, ती 1942च्या आगीत जळाली.