वाचकांचे प्रश्न : नवा लोगो, नवे संकेतस्थळ आणि जुने गिऱ्हाईक

प्रश्न : कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कुटुंबाचा काजू प्रक्रियेचा कारखाना आहे. वडिलांच्या काळापासून आमच्या पाकिटांवर पिकलेला लाल बोंडू आणि त्याला लागलेली काजूबी असे चित्र असे. गेल्या वर्षी संचालक मंडळाने बाहेरच्या एका एजन्सीकडून सगळेच बदलून घेतले. नव्या लोगोत जांभळ्यातून नारिंगीत उतरत जाणारी एक बारीक वळणदार रेघ आणि इंग्रजी लहान अक्षरांतले नाव, एवढेच आहे. संकेतस्थळ उघडताच चित्रफीत सुरू होते. घाऊक दर व फोन नंबर शोधावे लागतात. म्हापशाच्या बाजारातले दुकानदार विचारतात, कंपनी विकली का? खर्च झालेला असल्यामुळे मंडळ मागे यायला तयार नाही. आम्ही जुन्याकडे परतावे, की लोकांना सवय होण्याची वाट पाहावी?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण पाठवलेले पाकीट आणि संकेतस्थळ, दोन्ही मी बारकाईने पाहिली. माझे स्पष्ट मत असे की वाट पाहू नये, आणि सगळे जसेच्या तसे जुनेही करू नये. बोंडू परत आणावा आणि संकेतस्थळ आधी दुरुस्त करावे, कारण तिथले नुकसान रोजचे आहे.

‘लोकांना सवय होते’ हे अर्धसत्य आहे. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये एअरटेलने लोगो बदलला तेव्हा नाराजी पुष्कळ झाली, तरी तो टिकला. पण एअरटेलचे ग्राहक लोगो पाहून सिमकार्ड ओळखत नव्हते, त्यांचा नंबर चालू होता. आपला माल दुकानाच्या फळीवर इतर पाकिटांच्या रांगेत उभा असतो आणि गिऱ्हाईक तो वाचून नव्हे, पाहून उचलते. आपल्याशी जुळणारे उदाहरण अमेरिकेतल्या ट्रॉपिकाना संत्रारसाचे आहे. २००९ च्या जानेवारीत त्या कंपनीने खोक्यावरचे, नळी खोचलेल्या संत्र्याचे चित्र काढून तिथे रसाचा पेला छापला. आतला रस तोच होता; तरीही दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि कंपनीला जुने खोके परत आणावे लागले. गॅप या कपड्यांच्या कंपनीने तर २०१० च्या ऑक्टोबरमध्ये नवा लोगो साधारण आठवड्याभरातच मागे घेतला. एवढ्या मोठ्या कंपन्यांनी चूक मान्य करून माघार घेतली, हे मंडळासमोर अवश्य मांडावे. झालेला खर्च परत येणार नाही. पुढच्या छपाईचा खर्च मात्र अजून आपल्या हातात आहे.

आता लोगोविषयी. तो मंडळाला मोठ्या पडद्यावर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर दाखवला गेला असणार, आणि तिथे ती रेघ देखणी दिसलीही असेल. परंतु आपला लोगो प्रत्यक्षात राहतो तो ५० ग्रॅमच्या पाकिटावर, मालाच्या खोक्यावर एका रंगात मारलेल्या छाप्यात, बिलावरच्या रबरी शिक्क्यात आणि मोबाईलवरच्या नखाएवढ्या चौकोनात. आपण पाठवलेल्या खोक्याच्या फोटोत ती रेघ दोन ठिकाणी तुटली आहे, आणि रंगाची उतरती छटा एका शाईत उमटणे शक्यच नसल्यामुळे उरलेले चिन्ह कशाचे आहे हे सांगता येत नाही. याच्या उलट भारतीय स्टेट बँकेचे चिन्ह पाहा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शेखर कामत यांनी ते केले आणि १९७१ पासून ते वापरात आहे. एक भरीव वर्तुळ, मध्यभागी लहान छिद्र आणि खाली जाणारी चीर, एवढेच त्याचे रूप. ते पासबुकावर, पाटीवर, शिक्क्यावर सारखेच ओळखू येते. २०१७ साली पाच सहयोगी बँका विलीन झाल्या तेव्हाही बँकेने ते चिन्ह सोडले नाही.

म्हणून बोंडू नव्याने रेखाटून घ्यावा : मोजक्या जाड रेषांत, आधी केवळ काळ्या शाईत, आणि तो शिक्क्यावर उठला तरच पुढे रंग भरावा. जुन्या चित्रातल्या सावल्या, पानांच्या शिरा खुशाल गाळाव्यात. तयार झालेली दोन-तीन पाकिटे म्हापशाच्या त्याच दुकानदारांच्या फळीवर इतर मालात ठेवून चार पावलांवरून पाहावीत. ही परीक्षा एजन्सीने आधीच घ्यायला हवी होती, आणि ती न घेणे हा माझ्या दृष्टीने या कामातला सर्वांत गंभीर दोष आहे.

संकेतस्थळावर घाऊक खरेदीदार येतो तो प्रतवारी, दर आणि संपर्कासाठी. डब्ल्यू-२४० आणि डब्ल्यू-३२० या काजूगराच्या प्रतींचे दर विचारणाऱ्या हॉटेलवाल्याला कारखान्याची चित्रफीत संपेपर्यंत थांबवणे म्हणजे त्याला दुसऱ्याकडे पाठवणे होय. चित्रफीत काढून पहिल्याच पानावर प्रती, पत्ता आणि बोट लावताच फोन लागेल असा नंबर ठेवावा. पांढऱ्यावरची फिकट करडी अक्षरे उन्हात मोबाईल धरणाऱ्याला दिसत नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील उजेडाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, असा वेबसाठीचा जागतिक दंडक आहे.

मराठी आणि कोकणी पानांची अवस्था पाहून मला मनापासून वाईट वाटले. इंग्रजी मथळ्यात अक्षरे सुटी करण्याची जी सेटिंग आहे, तीच देवनागरीला लावल्यामुळे प्रत्येक अक्षरानंतर शिरोरेषा तुटली आहे. ओळींतले अंतर कमी ठेवल्यामुळे ‘सर्व’ मधला रफार छाटला गेला आहे आणि ‘काजू’चा उकार खालच्या ओळीत शिरला आहे. देवनागरी वाचणाऱ्या एकाही माणसाने ही पाने प्रसिद्धीपूर्वी पाहिली नसावीत. गोव्यातल्या कंपनीच्या संकेतस्थळावर हे चालवून घेऊ नये. अक्षरांमधले अंतर शून्य करावे, ओळींतले वाढवावे आणि ‘मुक्त’सारखा विनामूल्य मिळणारा युनिकोड फॉन्ट वापरावा. मजकूर चित्र म्हणून चिकटवू नये, कारण तो शोधयंत्रांना सापडत नाही. जुन्या पानांचे पत्तेही बंद पडले आहेत. ते कायमस्वरूपी नव्या पानांकडे वळवून घ्यावेत, हे काम फार मोठे नाही.

छापून ठेवलेली नवी पाकिटे फेकून देण्याची गरज नाही. बोंडूचे स्टिकर लावून ती संपवता येतील. जुन्या चिन्हाची ट्रेडमार्क नोंद असेल तर ती दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, आणि सलग पाच वर्षे चिन्ह वापरात नसेल तर दुसरा कोणी ती रद्द करण्यासाठी अर्ज करू शकतो. तेव्हा ती तारीख आजच तपासावी. एजन्सीशी पुढचे बोलणे करण्यापूर्वी संकेतस्थळाचे डोमेन, म्हणजे त्याचा नोंदवलेला पत्ता, कंपनीच्या नावावर आहे की एजन्सीच्या, हेही पाहून घ्यावे, आणि लोगोच्या मूळ, हव्या त्या आकारात वाढवता येणाऱ्या फाइली लेखी मागून घ्याव्यात. शेवटचा हप्ता अजून द्यायचा असेल, तर तो या गोष्टी हातात आल्यावरच द्यावा.