पेठ-सुरगाण्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मनोविकारतज्ज्ञ नसताना ओपीडीत मानसिक आजार कसे हाताळावेत?

तज्ज्ञाची वाट बघत बसू नका, ओळखण्यापासून सुरुवात करा. आपल्याकडे कुणी 'मला नैराश्य आलंय' म्हणत येत नाही. बाई येते ती अंगदुखी, छातीत धडधड, झोप नाही म्हणून, आणि बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन घेऊन परत जाते. तिसऱ्यांदा तोच केसपेपर समोर आला की थांबायचं.

सिस्टरांनी बीपी घेतानाच दोन प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागेनासं झालंय का? उदास, हताश वाटतं का? 'रोजच' असं उत्तर आलं तर डॉक्टरांनी पीएचक्यू-९ हा नैराश्य किती आहे ते मोजणारा नऊ प्रश्नांचा तक्ता भरून घ्यावा. त्यातला नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा आहे, तो कधीच गाळू नका. विचारल्याने विचार बळावतो ही भीती खोटी आहे. फक्त नातेवाइकांना बाहेर बसवून विचारा, सासूसमोर सून काय बोलणार!

खरी गळती पुढे होते. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पेशंट आठव्या दिवशीच सोडून देतो. हे पहिल्याच दिवशी सांगा. पुढची तारीख बाजाराच्या दिवशी द्या, म्हणजे दवाखान्यासाठी वेगळी खेप पडत नाही. नाहीच आला तर आशाताईंना घरी पाठवा, पण आजाराचं नाव चारचौघांत निघता कामा नये.

अडलात तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, १४४१६. जीवाला धोका वाटला तर मात्र त्याच दिवशी, सोबत माणूस देऊन, जिल्हा रुग्णालयात पाठवा.