अंदमानचं रोप नवं म्हणण्याआधी

तू अंदमानातून आणलेलं आल्याच्या कुळातलं रोप पुस्तकात सापडलं नाही, एवढ्यावरून ती नवी जात ठरत नाही. अंदमानच्या वनस्पतींचं नातं सह्याद्रीपेक्षा म्यानमार-थायलंडशी जास्त जवळचं. तिकडची वर्णनं आधी धुंडाळ. मग परवानगी घेऊन पुण्यात कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जुने नमुने बघत बस. कंटाळा येईल, पण खरा शोध मला तरी तिथंच लागताना दिसतो.

पुढच्या खेपेला वनखात्याचा परवाना आधी काढ. आणि फुलं नुसती कागदात दाबून आणू नकोस, या कुळातल्या नाजूक फुलांचा पार लगदा होतो. पाकळीसारखा दिसणारा मोठा ओठ खरं तर वांझ पुंकेसरांचा बनलेला असतो. त्याची ठेवण, कडा, परागकोशाचा तुरा, सगळं ओल्या फुलातच नीट दिसतं. म्हणून चार-दोन फुलं ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेव. त्यात रंग उडतो, तेव्हा रंग आणि वास रोपापाशीच वहीत उतरव.

जात खरंच नवी निघाली तर ती जाहीर करायला लॅटिनची धास्ती नको, २०१२ पासून इंग्रजी वर्णनही चालतं. होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार असलेला एकमेव नमुना, कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवलास ते मात्र छाप, नाहीतर नाव ग्राह्यच धरत नाहीत.