नाणं कुठे होतं ते आधी लिहा

वाचकांचे प्रश्न : मेटल डिटेक्टर आणि जुनी नाणी

या वेळी डिटेक्टरवाल्यांचीच पत्रं जास्त आलीत, त्यातले चार प्रश्न घेतोय.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी मशीन घेतलं. पाच-सहा वेळा जाऊन आलो, दरवेळी तीस-चाळीस खड्डे, आणि हाताला काय लागलं तर बाटल्यांची झाकणं, खिळे, कॅनच्या ओढायच्या रिंगा. नाणी चारच, तीही सध्या चलनात असलेली. मशीन हलकं लागलं का? महागातलं घेऊ का?

उत्तर : नका घेऊ, आत्ता तरी नकोच. मशीनला नाणं ओळखता येत नाही हो. कॉइलमधून, म्हणजे मशीनच्या खालच्या टोकाच्या तारेच्या वेटोळ्यांच्या चकतीतून, बदलतं चुंबकीय क्षेत्र खाली जातं, जमिनीतल्या धातूत त्यामुळे विजेचे बारीक भोवरे फिरतात, त्या भोवऱ्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि कॉइलमधलं दुसरं वेटोळं ते ऐकतं. त्याला उत्तर यायला किती उशीर झाला यावरून स्क्रीनवरचा आकडा ठरतो. चांदी-तांब्यातून वीज झकास वाहते म्हणून त्यांचा आकडा वर, लोखंडाचा तळाला, आणि मधल्या पट्ट्यात सोन्याची बारीक अंगठी, कॅनची रिंग, चंदेरी कागदाचा बोळा असे सगळे दाटीवाटीने बसलेले. म्हणजे डिस्क्रिमिनेशन (नको त्या आकड्यांचे आवाज बंद करायची सोय) लावून रिंगा गप्प केल्या की सोनंही गप्प होतं, हे पक्कं लक्षात ठेवा. कितीही पैसे घातले तरी ही अडचण पुरती जात नाही.

बदलायचा आहे तो कान. सिग्नल आला की लगेच खुरपं काढू नका. आधी त्या जागेवरून कॉइल आडवी फिरवा, मग स्वतः काटकोनात वळा आणि परत फिरवा. नाणं सपाट पडलेलं असेल तर दोन्हीकडून तोच गोल, भरीव टोन येतो आणि आकडाही फार हलत नाही. गंजलेला खिळा एका बाजूने अगदी चांदीसारखा गातो आणि वळलात की तुटक, कर्कश होतो, नाहीतर आवाजच दोन बोटं सरकतो. नंतर कॉइल हळूहळू वर उचला, वीतभर उचलूनही आवाज तसाच दणदणीत राहिला तर खाली मोठं काहीतरी आहे, डबा वगैरे. बाटलीचं झाकण मात्र भल्याभल्यांना फसवतं कारण ते गोल आणि पातळ असतं, लोखंडाचं असूनही आकडा वर दाखवतं, त्याला इलाज म्हणजे शंभरेक झाकणं खणून तो आवाज डोक्यात बसवणं.

घरच्या मातीत सराव करा. एक नाणं पाच सेंटीमीटरवर पुरा, एक दहावर, एक पंधरावर, एक उभं खोचून ठेवा आणि एकाच्या शेजारी खिळा पुरा. उभ्या नाण्याचा सिग्नल किती बारीक येतो ते ऐकलंत की मैदानातल्या किती कुजबुजींवरून तुम्ही तसेच पुढे गेलात ते कळेल. आणि कॉइल जमिनीला समांतर ठेवा, झाडू मारल्यासारखी दोन्ही टोकांना वर जाऊ देऊ नका, नवीन माणूस हमखास हेच करतो.

प्रश्न : माझं मशीन मधेच आपोआप बडबडायला लागतं, खाली काहीच नसताना. सेटिंग काय ठेवू?

उत्तर : सेन्सिटिव्हिटी दोन-तीन घर खाली आणा, खोली थोडी कमी होईल पण जे ऐकू येईल ते खरं असेल. मातीत लोहखनिज जास्त असेल तर ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वगळायची जुळणी, जागेवरच परत करा. विजेच्या तारांखालून लांब जा, मोबाईल कॉइलपासून दूर ठेवा, सोबत्याचंही मशीन चालू असेल तर दोघांत अंतर राखा, आणि बुटात लोखंड नाही ना ते बघा. आजूबाजूचा धातू काय करू शकतो याचं जुनं उदाहरण १८८१ चं आहे. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली होती, ती शरीरात कुठे आहे ते शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं यंत्र घेऊन गेले आणि गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ केला. शिवाय डॉक्टरांनी एकच बाजू तपासू दिली. गोळी सापडली नाही, अध्यक्ष गेले.

प्रश्न : काका, मी दहावीत आहे. मला एक हिरवट झालेलं नाणं सापडलं, त्याच्यावरचं काहीच वाचता येत नाही. लिंबू किंवा टूथपेस्ट लावून चमकवू का? मित्र म्हणतो लगेच निघतं.

उत्तर : नको रे बाळा, प्लीज नको. निघतं हे खरं, पण हिरव्याबरोबर अक्षरंही निघतात. तांब्याचं नाणं वर्षानुवर्षं मातीत राहिलं की त्याची वरची कातडीच हिरव्या-तपकिरी थरात बदलते, आणि पुष्कळदा अक्षरांची शेवटची रेघ त्या थरातच उरलेली असते. आंबट लावलंस की थर विरघळतो आणि खाली गुलाबी, खड्डे पडलेलं तांबं उघडं पडतं. मी पहिल्या वर्षी असं एक नाणं घालवलंय. काठाजवळ तीन अक्षरं आणि एका चेहऱ्याचं नाक स्पष्ट दिसत होतं, व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवलं आणि सकाळी हातात नुसती गुळगुळीत चकती आली. आजही त्या नाकाची आठवण झाली की जीव तुटतो.

तू काय कर, नाणं बोटाने चोळू नकोस, कारण मातीतले वाळूचे कण काचेसारखे ओरखडे काढतात. सावलीत वाळू दे, मग भिंग लावून लाकडी टूथपिकने एकेक ढेकूळ हलकेच सोडव, एका दिवसात जमलं नाही तर चार दिवस लाव. नाणं चांदीचं असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून ठेव आणि मऊ कापडाने टिपून घे, पुसू नकोस. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो क्षारांनी लावलेला रोग आहे, तसं नाणं एकदम कोरड्या जागी वेगळं ठेव आणि म्युझियममधल्या कुणाला तरी दाखव. पीव्हीसीच्या पाकिटात तर ठेवूच नकोस, कागदी पाकीट घे. आणि त्या पाकिटावर आज, आत्ता लिही की कुठल्या जागी सापडलं, किती खोल, कुठल्या तारखेला. झिजलेल्या नाण्याचीसुद्धा जागा माहीत असेल तर अभ्यासकाला ते हवं असतं, जागा हरवली की मग नुसता धातू राहतो.

प्रश्न : ओळखीच्यांच्या शेतात परवानगी घेऊन शोधत होतो. एकाच खड्ड्यात तीन जुनी नाणी निघाली आणि अजून सिग्नल येतोय. मालक म्हणतात सगळं उकरून काढूया. काय करावं?

उत्तर : पत्र मिळाल्या मिळाल्या हे उत्तर तुम्हाला फोनवर दिलंच आहे, पण सगळ्यांसाठी परत लिहितो. थांबा. एक सुटं नाणं म्हणजे कुणाच्या तरी खिशातून पडलेलं, पण एका खड्ड्यात तीन आणि खाली अजून आवाज म्हणजे कुणीतरी मुद्दाम पुरून ठेवलेलं असू शकतं, आणि तिथे नाण्यांइतकीच त्यांची मांडणी मोलाची असते. फोटो काढा, खड्डा होता तसा बुजवा, जागा नोंदवा, मालकांना विश्वासात घ्या आणि सरकारी यंत्रणेला कळवा. कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे. इंग्लंडात १९९६ च्या कायद्याने असं धन १४ दिवसांत कळवावं लागतं, आयर्लंडमध्ये जुन्या वस्तूंसाठी डिटेक्टर फिरवायलाच आधी परवाना लागतो, भारतात १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकांच्या आवारात तर मशीन काढूसुद्धा नका, कुठेच.

मालकांना हॉक्सनची गोष्ट सांगा, माझ्या अनुभवाने ती ऐकली की माणसं ऐकतात. १६ नोव्हेंबर १९९२, इंग्लंडातल्या सफोकमधल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला म्हणून एरिक लॉज हे त्यांचे ओळखीचे गृहस्थ डिटेक्टर घेऊन गेले. हातोड्याऐवजी चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि ढीगभर नाणी लागायला लागली. थोडं काढल्यावर त्यांनी खणणं बंद केलं आणि वर कळवलं, दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्ववाले आले. रोमन काळातली सुमारे १५ हजार सोन्याचांदीची नाणी निघाली, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुजून गेलेल्या लाकडी पेटीचा आकार, आतल्या छोट्या डब्यांच्या बिजागऱ्या, कुठली वस्तू कशाशेजारी ठेवली होती, हे सगळं मातीतून वाचता आलं. फावड्याने उकरलं असतं तर पोतंभर चांदी मिळाली असती आणि पेटी कायमची गेली असती. हातोडासुद्धा सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे.