सर्व्हरसाठी लहान आणि सुरक्षित लिनक्स कोणते?

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. सर्व्हरवर सेंटओएस ७ हे लिनक्स असून त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, सर्वांच्या सामायिक फाइल्स आणि व्हेंडरने दिलेले साठा-नोंदीचे सॉफ्टवेअर चालते. एका परिचितांच्या मते अल्पाइन लिनक्स सर्वांत लहान, म्हणून सर्वांत सुरक्षित. सर्व्हर सांभाळायला पूर्णवेळ माणूस नाही. काय निवडावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ रोजीच बंद झाले असल्याने हे काम आता लांबणीवर टाकू नये.

आपल्या परिचितांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. जे सॉफ्टवेअर यंत्रावर नाहीच, त्यातून कोणी आत शिरू शकत नाही. अल्पाइनची कंटेनर प्रतिमा (सॉफ्टवेअर बंदिस्त चौकटीत चालवण्यासाठीची तयार प्रत) तर दहा एमबीच्याही आत मावते. मात्र अल्पाइनमध्ये नेहमीच्या ग्लिबसीऐवजी मसल ही लायब्ररी (बहुतेक सॉफ्टवेअर जिच्या आधारावर चालते तो मूलभूत कोड) असते आणि व्हेंडरची तयार सॉफ्टवेअर बहुधा ग्लिबसीसाठी बांधलेली असतात. अशी फाइल अल्पाइनवर चालवू गेल्यास, ती डोळ्यांसमोर दिसत असूनही, ‘नॉट फाउंड’ असा बुचकळ्यात टाकणारा संदेश येतो. कारण सापडत नसतो तो ती फाइल सुरू करून देणारा ग्लिबसीचा लोडर. शिवाय अल्पाइनच्या एका आवृत्तीच्या मुख्य पॅकेजांना सुमारे दोनच वर्षे अपडेट मिळतात. ज्या कारखान्यात सर्व्हरकडे पाहायला माणूस नाही, तिथे दर दोन वर्षांनी आवृत्ती बदलण्याची अपेक्षा करणे मला व्यवहार्य वाटत नाही.

माझी शिफारस डेबियन १३ ची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीला तीन वर्षे पूर्ण आणि त्यानंतर सुमारे दोन वर्षे दीर्घकालीन सुरक्षा अपडेट मिळतात. ते लहान ठेवणे मात्र आपल्याच हाती आहे. नेटइन्स्टने (डेबियनच्या छोट्या इन्स्टॉलरने) बसवताना सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर डेस्कटॉप आणि ग्नोम (चित्ररूप पडदा) यांवर आधीच खूण असते. ती काढावी आणि केवळ एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून सुरक्षितपणे आत येण्यासाठी) व स्टँडर्ड सिस्टीम युटिलिटीज ठेवावे. रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड रिकामा सोडल्यास रूट खाते बंद राहते आणि आपल्या खात्याला सुडोचा (गरजेपुरते रूटचे अधिकार वापरण्याचा) अधिकार मिळतो, तोच पर्याय बरा. त्यानंतर एसएस या आज्ञेने कोणते पोर्ट (नेटवर्कवरून आत येण्याचे क्रमांकित दरवाजे) उघडे आहेत ते पाहावे. पोस्टग्रेस बसवल्यावर ५४३२ हा पोर्ट १२७.०.०.१ या यंत्राच्या स्वतःच्याच पत्त्यावर दिसेल, म्हणजे बाहेरच्या यंत्रांना तो बंद आहे. कारखान्यातल्या इतर संगणकांना लागत असेल तरच, आणि तेवढ्यांपुरताच, तो उघडावा. सामायिक फाइल्स पुरवणारे सांबा मात्र सर्व नेटवर्क जोडण्यांवर ऐकत असल्याने त्याच्यासाठी फायरवॉलचा नियम हवाच.

अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज आवर्जून घालावे. ते सुरक्षा अपडेट आपोआप बसवते, पण सर्व्हर रीस्टार्ट करत नाही. नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) लागू होण्यासाठी साप्ताहिक सुटीच्या दिवशी तो कोणीतरी रीस्टार्ट करावा लागेल.

व्हेंडर सेंटओएस ज्यातले आहे त्या रेड हॅट कुळाचाच आग्रह धरत असेल, तर अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सची किमान प्रत घ्यावी. तिथे प्रत्येक मुख्य आवृत्तीला दहा वर्षे अपडेट मिळतात. फक्त ‘चालत नाही’ म्हणून सर्वप्रथम एसईलिनक्स (प्रत्येक सॉफ्टवेअरला नेमून दिलेल्या मर्यादेत ठेवणारी सुरक्षा यंत्रणा) बंद करण्याची जी सवय आपल्याकडच्या बसवणाऱ्यांना लागली आहे, तिला स्पष्ट नकार द्यावा.

स्थलांतर दुसऱ्या यंत्रावर नव्याने करावे. पोस्टग्रेसची डेटा फोल्डर उचलून नेऊ नये: मुख्य आवृत्ती बदलली की ती चालतच नाही, आणि आवृत्ती तीच ठेवली तरी ग्लिबसीच्या २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम बदलल्यामुळे मजकुरावरचे इंडेक्स (शोधासाठीच्या सूची) बिघडू शकतात. नव्या यंत्रावरच्या पीजीडंपने (पोस्टग्रेसच्या प्रत काढण्याच्या साधनाने) जुन्या डेटाबेसची प्रत घेऊन ती नव्यात भरावी. डेबियन १३ मध्ये पोस्टग्रेस १७ येते. आपले सॉफ्टवेअर त्यावर चालते का, हे व्हेंडरकडून आधी लेखी घ्यावे. महिनाअखेरचा साठा नव्या सर्व्हरवर जुळेपर्यंत जुने यंत्र नेटवर्कमधून काढून, पण पुसून न टाकता, बाजूला ठेवावे.