आधी ब्लॉक मोज

प्रिय,

तुझी मेल वाचली. तीन पर्याय, प्रत्येकापुढे किंमत आणि हॉर्सपॉवर, सगळं रंगीत तक्त्यात. जंकयार्डमधलं ट्रकचं 5.3 लिटर एलएस (जनरल मोटर्सचं, म्हणजे जीएमचं, नव्या पिढीचं व्ही-8), जीएमचं खोक्यातून येणारं कोरं क्रेट इंजिन, नाहीतर तुझ्या 1969 च्या शेव्हरोले कमॅरोत आत्ता बसलेलं 350 (क्यूबिक इंचाचं इंजिन) खोलायचं. आणि खाली विचारतेस, "काका, तुम्ही काय केलं असतं?" मी तक्ता केला नसता. त्यात तुझ्या ब्लॉकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याचं, माप कुठेच नाही, आणि ते नाही तोवर बाकीचे रकाने रद्दीत घाल.

मागच्या कडेवर, ड्रायव्हरच्या बाजूला, 3970010 हा आकडा सापडला म्हणून तू खूश आहेस. विकणाराही "ओरिजिनल आहे" म्हणाला. म्हणणारच! अगं, या नंबरचे ब्लॉक 1969 पासून पुढे सत्तरचं जवळजवळ सगळं दशक ओतले जात होते. ओतकामाच्या तारखेत वर्षाचा एकच आकडा असतो. C 14 9 म्हणजे 14 मार्च, इथपर्यंत ठीक. पण 69 की 79?

म्हणून पुढे जा. पॅसेंजरच्या बाजूच्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) अगदी पुढे ब्लॉकवर एक छोटी सपाट पट्टी आहे. तिच्यावर रंगाचे आणि तेलकट काळ्याचे थर असतील. थिनर आणि सुती फडकं घेऊन हळूहळू पूस. पॉलिश पेपर नको, वायर ब्रश तर अजिबात नको. खाली केसासारख्या समांतर रेषा दिसायला हव्यात, त्या कारखान्यात ब्लॉकचा माथा तासताना पडलेल्या, ब्रोचिंगच्या. V0321 असं काही वाचता आलं तर ते मिशिगनमधल्या फ्लिंटच्या कारखान्यात 21 मार्चला जोडलेलं इंजिन. शेजारच्या ओळीतले शेवटचे आकडे गाडीच्या नंबरशी ताडून बघ. रेषाच गायब असतील, तर कुणीतरी डेक, म्हणजे तो माथा, घासलाय किंवा आकडे मागाहून ठोकलेत.

नंबर जुळले तर एलएसचा विषय संपला. हे इंजिन त्या गाडीचं आहे, ते त्या गाडीतच राहील. नाही जुळले तर सुतक पाळू नकोस. मग तू मोकळी आहेस, आणि मोकळ्या माणसाने तर आणखी नीट मोजायला हवं.

हेड उतरव. सिलिंडरच्या तोंडाशी नखाला एक कड लागेल. रिंगा तिथवर पोचत नाहीत म्हणून ती उरते. तिच्या खाली, मधे आणि तळाशी, अशी तीन ठिकाणी डायल बोअर गेज लाव. प्रत्येक ठिकाणी एकदा क्रँकच्या दिशेने, एकदा आडवं. कारखान्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 4.000 इंच. आधीच्या मालकाने 30 थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) वाढवून 4.030 केला असेल तर तुझं 350 आता 355 आहे, आणि हे त्यालाही माहीत नसेल. वाढ 60 थाऊवर पोचलेली असेल तर सोनिक टेस्ट करून भिंतीची जाडी बघितल्याशिवाय त्या ब्लॉकवर एक डॉलर लावू नकोस. मग क्रँक: मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) 2.45 इंच, रॉडचे 2.10. मग तडे तपासायला मॅग्नाफ्लक्स. हे सगळं झाल्यावर मला पर्याय विचार.

एलएसला मी नावं ठेवत नाही. 1997 ला ते कॉर्व्हेटमध्ये आलं तेव्हा इथल्या भल्याभल्यांनी नाकं मुरडली, आणि आज त्यांच्याच गॅरेजमध्ये ते बसलंय. दोन सिलिंडरमधलं अंतर तर 1955 च्या शेव्हरोले स्मॉल ब्लॉकचंच (तुझं 350 त्याच घराण्यातलं) ठेवलंय, 4.4 इंच. पण त्याच्याबरोबर माउंट, ऑइल पॅन, जास्त दाबाचा फ्युएल पंप, वायरिंग आणि कॉम्प्युटर येतो. तुझ्या तक्त्यात फक्त इंजिनची किंमत आहे. आणि जंकयार्डच्या इंजिनाचा बोअर कुणी मोजलाय? ओडोमीटरच्या भरवशावर इंजिन घेणं म्हणजे अंदाजाने कापड फाडून शिंप्याकडे जाणं.

हॉर्सपॉवरच्या रकान्याचंही तेच. 1969 च्या एसएस 350 चे 300 हॉर्सपॉवर हा ग्रॉस आकडा आहे, स्टँडवर, पूर्ण सायलेन्सर आणि बाकीचं ओझं नसताना काढलेला. नेट, म्हणजे ते ओझं धरून काढलेले, आकडे 1972 पासून. तू दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेल्या गोष्टी एका रांगेत मांडल्यास, इंजिनिअर असून!

ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर, जुन्या गाड्यांच्या मेळ्यात, माझ्या गाडीशेजारी थांबून पोरं विचारतात, अजून लोखंडी ब्लॉक? अजून कार्ब्युरेटर? तुझी काकू म्हणते तेवढ्यात स्वयंपाकघर नवं झालं असतं. झालं असतं की! पण भोसरीच्या टूलरूममध्ये थाऊवर पगार मिळवलेला माणूस मी. जे माझ्या हाताने मोजता येतं ते मला दुरुस्त करता येतं. लॅपटॉप लावून ट्यून करणं वाईट आहे असं नाही, पण ते मला करायचं नाही. याला हट्ट म्हणतात, म्हणू देत. हळहळ वेगळ्याच गोष्टीची वाटते. आमच्या गावात क्रँक ग्राइंड करणारा म्हातारा होता, अंगठा फिरवून जर्नलचा निमुळतेपणा, टेपर, सांगायचा आणि तरी दर वेळी मायक्रोमीटर लावायचाच. दुकान बंद झालं, आणि ते काम त्याच्याकडून शिकून घ्यायचं राहून गेलं. म्हणून तुझ्या मागे लागतो आहे.

कॅमचं, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याचं, आत्ता बोलू नकोस. त्या धडधडीच्या आवाजासाठी मोठा कॅम टाकशील, व्हॅक्युम पडेल आणि पॉवर ब्रेक दगड होतील. फ्लॅट टॅपेटचा (सपाट बुडाच्या टॅपेटवर घासून चालणारा) कॅम ठेवलास तर झिंक असलेलं तेल, डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने पंप फिरवून आधी तेल वर चढवायचं, आणि चालू झाल्याबरोबर 20 ते 30 मिनिटं 2000 ते 2500 आरपीएम. आयडलवर सोडून व्हिडिओ काढत बसलीस तर कॅमचा उंचवटा, लोब, गेलाच म्हणून समज. जुनी हेड ठेवणार असशील तर एक्झॉस्टला हार्डन सीट बसवून घे, शिसं असलेलं पेट्रोल आता नाही.

पण हे सगळं नंतरचं. आठ सिलिंडर, तीन खोल्या, दोन दिशा: अठ्ठेचाळीस आकडे पाठव, कागदावर हाताने लिहिलेले. तोवर इंजिनाविषयी फोन करायचा नाही. जेवायला कधीही ये. येशील तेव्हा बोअर गेज आणि मायक्रोमीटर घेऊन जा, तुझ्या त्या डिजिटल कॅलिपरने बोअर मोजायचा नसतो.

तुझा,
काका