वाचकांचे प्रश्न : दुसरा मॉनिटर १०२४ वरच का अडतो?

प्रश्न : मी घरून मराठी पुस्तकांचे मुद्रितशोधन करते. लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तिची एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप असलेली) आवृत्ती. लॅपटॉपला फक्त एचडीएमआय पोर्ट असल्याने कन्व्हर्टर आणि व्हीजीए केबल लावून जुना मॉनिटर जोडला. त्याची क्षमता १९२० बाय १०८० आहे, पण सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८ च्या वरचा पर्यायच दिसत नाही. अक्षरे ताणलेली दिसतात, रफाराला चिकटलेला अनुस्वार ओळखू येत नाही. इंटरनेटवरच्या आज्ञा वापरून मोठा पर्याय यादीत आणला, तर तो निवडताच ‘कॉन्फिगर सीआरटीसी फेल्ड’ असा संदेश येतो. शिवाय रोज सकाळी पॅनेल (मेनू आणि चालू प्रोग्रामची पट्टी) भलत्याच स्क्रीनवर असते. सगळे पुन्हा इन्स्टॉल करावे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : इन्स्टॉल करू नका. तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे आणि ते लिनक्समध्ये नसून केबलमध्ये असण्याची शक्यता जास्त आहे.

मॉनिटर जोडल्यावर तो स्वतःची ओळख लॅपटॉपला कळवतो. निर्माता कोण, कोणती रिझोल्यूशन चालतात, कोणत्या गतीने चालतात, ही सगळी माहिती १२८ बाइटच्या एका तुकड्यात असते. त्या तुकड्याला ईडीआयडी म्हणतात. व्हीजीए केबलमध्ये तो १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येतो. चित्र मात्र वेगळ्या पिनांवरून जाते. त्यामुळे या दोन तारांपैकी एक तुटली किंवा स्वस्त केबलमध्ये मुळात जोडलेलीच नसली, तरी चित्र व्यवस्थित दिसते. फक्त समोर कोणता मॉनिटर आहे हे लॅपटॉपला कळत नाही आणि तो १०२४ बाय ७६८ सारख्या सुरक्षित आकारावर थांबतो. माझ्याकडच्या एका केबलने मला या कारणासाठी दोन संध्याकाळी ड्रायव्हर बदलत बसवले होते. पीन डोळ्यांना दिसते म्हणजे आत तार आहेच असे नाही, हे मला तेव्हा कळले.

पडताळणी सोपी आहे. टर्मिनलमध्ये एक्सरँडर ही आज्ञा द्या (रोमन लहान अक्षरांत एक्स-आर-ए-एन-डी-आर) आणि जागा सोडून दोन आडव्या रेघांपुढे ‘प्रॉप’ लिहा. जोडलेल्या प्रत्येक स्क्रीनखाली ईडीआयडी या शब्दानंतर अंक-अक्षरांच्या किमान आठ ओळी दिसायला हव्यात. पहिल्या ओळीची सुरुवात दोन शून्यांनी होते आणि पुढे बारा वेळा ‘एफ’ येतो. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनखाली या ओळी असतील आणि एचडीएमआयखाली नसतील, तर आधी दुसरी व्हीजीए केबल लावून पाहा, मग दुसरा कन्व्हर्टर. शेजाऱ्यांकडून तासाभरासाठी मागून आणलेली केबलही या तपासणीला पुरते.

आता तुम्ही दिलेल्या आज्ञा का फसल्या ते पाहू. सीव्हीटी ही आज्ञा १९२० बाय १०८० साठी नेहमीच्या पद्धतीने जो हिशेब काढते, त्यात पिक्सेल क्लॉक, म्हणजे स्क्रीनला ठिपके पाठवण्याचा वेग, १७३ मेगाहर्ट्झ येतो. ईडीआयडी मिळालेला नसेल, तर पलीकडे एचडीएमआयचे उपकरण आहे की नाही हे इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरला समजत नाही. तो त्या जोडणीला डीव्हीआय (एचडीएमआयच्या आधीची जोडणी) धरतो आणि तिथे मर्यादा १६५ मेगाहर्ट्झची आहे. म्हणून पर्याय यादीत येतो, पण निवडला की नाकारला जातो. सीव्हीटीनंतर आडवी रेघ आणि लहान ‘आर’ लिहून तीच आज्ञा द्या. दोन ओळींमधला व फ्रेममधला रिकामा वेळ कमी केल्याने आकडा १३८.५ वर येतो आणि मर्यादेत बसतो. मिळालेली ओळ एक्सरँडरच्या न्यूमोड व अॅडमोड या पर्यायांनी जोडावी लागते, ते तुम्ही एकदा केलेलेच आहे. मात्र अशी जोडलेली नोंद लॉग आउट केल्यावर टिकत नाही. त्या आज्ञा एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवून ‘सेशन अँड स्टार्टअप’मधील ऑटोस्टार्टच्या यादीत ती स्क्रिप्ट घाला. हा उपाय एक्स ११ (स्क्रीनवर चित्र दाखवणारी जुनी यंत्रणा) सत्रापुरताच आहे. मिंटच्या तुमच्या आवृत्तीत तेच सत्र असते, पण वेलँड या नव्या यंत्रणेवर चालणाऱ्या ग्नोम किंवा केडीई या डेस्कटॉपमध्ये अशा आज्ञांनी नवा आकार जोडता येत नाही.

तरीही मी केबल बदलण्याचाच आग्रह धरेन, कारण पॅनेलची तक्रारही तिथेच जाऊन पोहोचते. एक्सएफसीईमध्ये ४.१४ पासून, म्हणजे २०१९ पासून, स्क्रीनची मांडणी प्रोफाइल म्हणून जतन करता येते आणि कोणती प्रोफाइल कोणत्या मॉनिटरची हे ईडीआयडीवरून ओळखले जाते. ओळखच मिळाली नाही, तर जतन केलेली मांडणी परत लागेल याचा भरवसा राहत नाही.

केबल बदलल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये लॅपटॉपची स्क्रीन ‘प्रायमरी’ करा, पॅनेलवर उजवी क्लिक करून त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये आउटपुटसाठीही ‘प्रायमरी’ निवडा आणि मगच प्रोफाइल जतन करा. या क्रमाने केल्यास पॅनेल लॅपटॉपवर राहील आणि मोठी स्क्रीन पूर्णपणे मुद्रितांसाठी मोकळी होईल. सकाळी घाईत मॉनिटर चालू करायचा राहिला, तर सुपर (विंडोज चिन्हाचे) आणि पी ही बटणे एकत्र दाबा. मांडणी निवडण्याची छोटी खिडकी उघडते.